मेणबत्तीचा हिशेब

बुद्धवंदना असो की ६ डिसेंबर, मेणबत्ती आपल्याला लागतेच. ती विकत का घ्यावी, म्हणून वस्तीतील सात भगिनींना घेऊन आम्ही काम सुरू केले.

मेण थेट आचेवर ठेवू नये, पेट घेण्याचा धोका असतो. उकळत्या पाण्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. साच्याला आतून तेलाचा हात, मधोमध ताणलेली सुती वात, मग मेण.

पहिल्या हंगामात सगळा माल खपला, तरी भगिनींच्या हाती काही उरले नाही. आम्ही वही तपासली. मेण, सूत, जळण यांची बेरीज करून भाव ठरवला होता; मजुरीचा रकानाच नव्हता! आता आधी मजुरी लिहितो, मग भाव ठरवतो. आपल्या श्रमाची किंमत आपणच शून्य धरली, तर दुसरा कशाला देईल?