नाकासमोर चालणारा बंड्या

आमच्या बदलापूरच्या बिऱ्हाडात माणसे चार: मी, आई, सौ. आणि पाचवीत शिकणारे चिरंजीव. पाचवा बंड्या. तो बीगल जातीचा कुत्रा आहे. ‘पाळायचाच तर अल्सेशियनसारखा दांडगा तरी पाळावा’ असे शेजाऱ्यांचे मत. परंतु गेल्या दिवाळीत या हातभर प्राण्याने आम्हां सर्वांच्या तोंडचे पाणी पळवले. ती हकीकत पुढे येईलच. पण ती कळायला आधी बंड्याचे नाक कळले पाहिजे.

बीगल म्हटले की मुलांना चार्ल्स शुल्झ यांच्या चित्रमालिकेतला स्नूपी आठवतो. तो जगभर घराच्या छपरावर उताणा पडलेला दिसतो. त्या चित्रावर विसंबून कोणी घरात बीगल आणील, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर स्वतः उताणे पडण्याची पाळी येईल! आम्हीही चिरंजिवांच्या हट्टापायी असेच फसलो. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात आमचे एक सिंधी स्नेही आहेत. त्यांच्याकडच्या बीगल कुत्रीला पिले झाली होती. एक पिलू माझ्या ओटीत घालताना ते म्हणाले, “भाऊ, इसको खिलाना कम, घुमाना ज्यादा. और दरवाजा कभी खुला मत छोड़ना.” या दोन वाक्यांत बीगलचे सारे शास्त्र आले होते, ते कळायला मला मात्र दोन वर्षे लागली.

आपल्या महाराष्ट्रातला कारवान कुत्रा घ्या. लांब पाय, खोल छाती, सडपातळ अंग. तो शिकार करतो डोळ्यांनी. ससा दिसेनासा झाला की त्याचे काम बहुतेक संपले. बीगलचे काम तेथूनच सुरू होते. इंग्लंडात ससा मारायला यांचे कळपच्या कळप सोडत आणि शिकारी पायी मागून जात. म्हणून उंची बेताची, तेरा ते सोळा इंच. शेपटीचे टोक पांढरे, म्हणजे उंच गवतातही कुत्रा कोठे आहे ते दिसावे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरल्या, तर अशा कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात जातात. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतारूंच्या सामानात दडवलेली फळे आणि मांस हुडकायला बीगल नेमले, ते याच नाकासाठी. शिवाय त्यांचा चेहरा इतका गरीब, की उतारूंना भीती वाटत नाही.

असे नाक जमिनीला टेकले की कान बंद होतात. हाक ऐकू येत नाही असे नव्हे. त्या घटकेला ती महत्त्वाची वाटत नाही. (कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे अर्ज घेऊन उभे राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही.) म्हणून घराबाहेर बीगलला साखळीवाचून सोडायचे नाही. बाकी त्याचा स्वभाव नाकासमोर चालणाऱ्या सज्जनाचा. मात्र ते नाक त्याचे, आपले नव्हे!

आमची खरी अडचण निराळीच होती. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. सकाळी सातच्या आत मी गाडीला लोंबकळतो आणि परततो तो रात्री साडेआठला. सौ. शाळेत शिकवतात, चिरंजीव शाळेत शिकतात, आणि आई तेव्हा वर्षातले सहा महिने गावी असे. कळपात वाढणारी ही जात एकटी पडली की गळा काढते. ते भुंकणे नसते. आरोळी असते, आणि ती चार इमारतींपलीकडे जाते. सोसायटीच्या सभेत आमच्यावर ठराव आणण्याची भाषा झाली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही. तो कागद मी खिशात घालून गेलो होतो. पण तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “भाऊजी, कायदा राहू द्या. तो रडतो हो दिवसभर.” मी कागद बाहेर काढला नाही.

त्यानंतर आम्ही दिनक्रम बदलला. पहाटे पाचला मी बंड्याला घेऊन उल्हास नदीच्या बाजूला तासभर फिरवतो. घाईघाईने दोन मैल चालवण्यापेक्षा अर्धा मैल मनसोक्त हुंगू दिले तर तो अधिक दमतो, हा आमचा शोध. आई आता कायमची आमच्याकडे असते. दुपारी ती त्याच्या वाटणीचे दाणे जुन्या लुगड्याच्या घड्यांत, चपलांच्या फळीमागे, पाटाखाली लपवते आणि म्हणते, “शोध रे बाबा.” अर्धा तास शोध चालतो, मग दोन तास घोरणे. आरोळ्या थांबल्या.

रविवारी कधीकधी अंबरनाथला बहिणीकडे जातो. तेथल्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिवालयाच्या वाटेवर बेल, फुले, भजी, सगळे वास बंड्याला एकाच वेळी हवे असतात. देवळाशेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे मात्र मी त्याला फिरकू देत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात याच वालधुनीत कोणी रसायन ओतले आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना रात्री श्वास घेणे कठीण झाले. माणसाला बाधणारे पाणी कुत्र्याने चाटावे काय?

पावसाळ्यात काळजी दुप्पट. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, ओल राहते आणि कान चिघळतो. म्हणून फिरून आल्यावर कान आतून पुसणे, आठवड्याला गोचिडी पाहणे. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते, त्यातून लेप्टो होतो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, त्या भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रेबीजबरोबर लेप्टोचीही लस दरवर्षी टोचून घ्यावी.

आता ती दिवाळी. लक्ष्मीपूजनाची रात्र. बाहेर फटाक्यांचा धडाका, म्हणून बंड्याला आम्ही आतल्या खोलीत ठेवले होते. आईने बेसनाचे लाडू परातीत मांडून स्वयंपाकघरात ठेवले होते. दाराची कडी मी लावायला विसरलो. आरती आटोपून आत आलो, तर परातीत अकरा लाडू कमी आणि बंड्या मिशा चाटीत बसलेला.

आई हसली. “खाऊ दे रे बिचाऱ्याला, सणाचा दिवस आहे.”

तोच चिरंजीव ओरडले, “बाबा, बेदाणे!”

द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे बाधतात, हे मुलाने वाचले होते. मी फक्त ऐकले होते. आईचा हात बेदाण्यांच्या बाबतीत सढळ. रिक्षात बसलो तेव्हा मुलाच्या मांडीवर बंड्या आणि दोहो बाजूंनी लवंगी माळा. आईने पदराने त्याचे कान झाकले होते. ती एक शब्द बोलली नाही.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: किती वेळ झाला, आणि वजन किती? पाऊण तास, बारा किलो. “वेळेत आलात,” म्हणून त्यांनी उलटीचे इंजेक्शन दिले. मग बेसनाच्या लगद्यातून चिमट्याने बेदाणे मोजले! किती खाल्ल्याने विष चढते याचा नक्की हिशेब नाही, एखाद्या कुत्र्याला थोडेही पुरतात, असे ते म्हणाले. द्राक्षांतले टार्टारिक आम्ल याचे कारण असावे असे अमेरिकेतील विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. तेच आम्ल चिंचेत असते. म्हणजे आमची आमटीही नको आणि स्नेह्यांची सिंधी कढीही नको. दोन दिवस सलाईन चालले. त्या दोन्ही रात्री चिरंजीव दवाखान्याच्या बाकावर झोपले आणि आमच्या घरात फराळाचे ताट कोणी मांडले नाही. तिसऱ्या दिवशी रक्ताचा तपास चांगला आला. घरी येताच बंड्या पहिल्याने स्वयंपाकघरात गेला आणि परात होती ती जागा हुंगून आला.

“बेदाण्याशिवाय लाडू म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ,” असे म्हणणाऱ्या आईने यंदा बेदाणे घरात आणू दिले नाहीत. डबे माळ्यावर आहेत, कडीला वर दोरीही बांधली आहे. मी हे लिहितो आहे आणि बंड्या माळ्याखाली बसून वर पाहतो आहे. त्याचे नाक हलते आहे.