रिमोटला कान आले!

दोस्तांनो, एक गंमत करा. टीव्हीच्या साध्या रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा नि बटण दाबा. बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर दिवा लुकलुकताना दिसेल. हेच ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण! प्रत्येक बटणाची लुकलुक निराळी, त्यावरून टीव्हीला हुकूम कळतो.

नव्या रिमोटला माइकही असतो. त्याचं बटण दाबून बोललात, की आवाज टीव्हीत नि तिथून इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जातो. तिथे आवाजाचे शब्द होतात, अर्थ लावला जातो नि हुकूम परत येतो. नेट गेलं, की मात्र बटणंच कामाची!

खरा फायदा कुणाचा, सांगू? अक्षरओळख नसलेल्या आजीचा. पण टेंभुर्णीची आजी म्हणणार, "आवाज बारीक कर की रं!" यंत्राला हे कसं उमगावं? गूगल असिस्टंटला मराठी आली २०१८ साली. यंत्र शिकतं ते ऐकलेल्या आवाजांवरून. २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' प्रकल्प सुरू केला. त्याच्या 'भाषादान' उपक्रमात लोक आपल्या आवाजात वाक्यं नोंदवतात. माढा तालुक्यातले किती आवाज त्यात असतील? घरातल्या मोठ्यांना विचारा बरं!