फायबरच्या होडीची डागडुजी



आपल्या किनाऱ्यावर ज्या पांढऱ्याशुभ्र होड्या दिसतात, त्यांपैकीं पुष्कळशा आतां लांकडाच्या नसून फायबरच्या असतात. कांचेचे बारीक तंतु रेझीन नांवाच्या कृत्रिम राळेंत भिजवून, थरावर थर बसवून त्या घडवितात. कांच कुजत नाहीं, तिला वाळवीहि लागत नाहीं. म्हणून फायबरची होडी कुजत नाहीं असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

होडीच्या आंत आपण ज्या जमिनीवर उभे राहतों, तिला डेक म्हणतात. नुसत्या कांचतंतूंचा पातळ पत्रा माणसाच्या वजनाखालीं लवेल. म्हणून अनेक होड्यांत कांचेच्या दोन थरांमध्यें प्लायवूड घालतात. पोळींत पुरण असावें, तसें हें लांकूड दडलेलें असतें. पुढें कोणी आसन बसवितो, कोणी दोर बांधण्याची खुंटी ठोकतो. प्रत्येक स्क्रूबरोबर एक भोंक पडतें, आणि त्यांतून पाणी आंत शिरतें. वरची कांच त्या पाण्याला सुकूं देत नाहीं. वर्षानुवर्षें लांकूड आंतल्या आंत कुजतें, आणि वरून मात्र डेक चकचकीत दिसतो. एखादे दिवशीं भर समुद्रांत पाय खालीं जातो, तेव्हांच खरी स्थिति कळते.

परीक्षा सोपी आहे. मडकें पारखतांना आपण तें वाजवून पाहतों. त्याप्रमाणें एक नाणें घेऊन सगळा डेक वाजवावा. टणक आवाज आला तर लांकूड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर तेथें बहुधा ओल किंवा पोकळी आहे, असें समजावें.

दुरुस्तींत पहिलें काम म्हणजे वरची कांच कापून काढणें. कुजलेलें लांकूड सर्व काढावें, आणि राहिलेला भाग पूर्ण सुकूं द्यावा. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात व हातीं वेळ असतो. परंतु तेव्हांची दमट हवा या कामास अनुकूल नसते. नवें प्लायवूड बसविण्यापूर्वीं त्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः कडांना, इपॉक्सी रेझीन पाजावें.

सांधा हा दुरुस्तीचा प्राण होय. जुन्या, वाळलेल्या फायबरशीं नवा थर रासायनिक रीत्या एकजीव होत नाहीं. तो केवळ खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतो. म्हणून जागा ॲसिटोननें पुसून मग घासावी, आणि कडा उताराची करावी. कांचेची जाडी १ भाग असेल तर उतार १२ भाग लांब असावा, असें सामान्य प्रमाण आहे. इपॉक्सी येथें साध्या पॉलिएस्टर रेझीनपेक्षां अधिक घट्ट चिकटतें. मात्र तें वाळतांना पुष्कळदां वर मेणासारखा थर येतो. तो पाण्यानें धुऊन, मग घासून, नंतरच रंग द्यावा. रंग दिलाच पाहिजे. कारण उघडें इपॉक्सी उन्हानें खराब होतें. शेवटच्या हातांत बारीक वाळू मिसळली म्हणजे ओल्या डेकवर पाय घसरत नाहीं. स्क्रूसाठीं प्रथम मोठें भोंक पाडून तें इपॉक्सीनें भरावें, आणि तें कठीण झाल्यावर त्याच्या मधोमध लहान भोंक पाडावें. असें केल्यानें पाणी लांकडापर्यंत पोंचत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पॉलिएस्टर रेझीन घट्ट करण्यासाठीं त्यांत शेंकडा १ ते २ या प्रमाणांत जें पेरॉक्साइड मिसळतात, त्याचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते. तें कोबाल्टच्या द्रावणाशीं कधींहि थेट मिसळूं नये, स्फोट होतो. घासतांना उडणारी कांचेची धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून योग्य मुखवटा, चष्मा व हातमोजे यांशिवाय कामास हात लावूं नये.

यावरून लांकूड व कांच यांचा संयोगच वाईट असें मात्र कोणी समजूं नये. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेली आपल्या नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका लांकडाच्या गाभ्यावर कांचतंतूंचें आवरण चढवूनच घडविलेली आहे. तिच्यांतूनच दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. दोष लांकडाचा नाहीं. तो लांकडापर्यंत पाणी पोंचूं देणाऱ्या हलगर्जीपणाचा आहे.

म्हणून होडीच्या मालकानें कारागिरास एकच विनंति करावी : शेवटचा रंग चढण्यापूर्वीं काम मला दाखवा. ज्या जमिनीवर माणसें उभीं राहणार, ती झांकण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहिलेली बरी.