घोडा भाड्याने घेतला आणि विकून टाकला. ही चोरी का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार.

मागच्या वर्षी मी माझा कॅमेरा दोन दिवसांसाठी भाड्याने दिला. भाडं आगाऊ मिळालं, आधारची झेरॉक्स मिळाली, पोरगा पण सज्जन वाटला. कॅमेरा काही परत आला नाही. झेरॉक्सवरच्या पत्त्यावर गेलो, तर त्या नावाचं कुणी तिथे कधी राहिलंच नव्हतं. पोलीस चौकीत उत्तर मिळालं, "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात ना? मग चोरी कसली? सिव्हिल मॅटर आहे."

आता हे डोक्यात बसलं. आपल्या हाताने दिलेली वस्तू चोरीला जाऊच शकत नाही? शोधत शोधत पोचलो १७७९ च्या लंडनमध्ये.

पेअर नावाच्या माणसाने एक घोडा दिवसभरासाठी भाड्याने घेतला. सटनला जाऊन संध्याकाळी परत येतो म्हणाला, राहायचा पत्ता दिला. त्याच दिवशी दुपारी स्मिथफील्डच्या बाजारात घोडा विकला. आणि पत्ता? खोटा! (इथे मी रेकॉर्डिंग थांबवून जोरात हसलो होतो.)

प्रश्न तोच, चौकीतला. मालकाने स्वतः दिला, मग 'चोरून नेला' कसं म्हणायचं? पण तेव्हा घोडाचोरीला फाशी होती. म्हणजे या एका शब्दावर माणसाचा जीव टांगलेला. ज्युरीने ठरवलं की घेतानाच त्याच्या मनात विकायचं होतं. मग मुद्दा बाकीच्या न्यायाधीशांसमोर गेला आणि बहुमताने ठरलं: सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू असेल, तर भाड्याचा करार नुसता देखावा. घोडा कायद्याच्या नजरेत मालकाच्याच ताब्यात राहिला, म्हणून ही चोरी.

पण मला खरी मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा निकाल माझ्या फोनवर आला कसा?

तेव्हा निकाल छापणारं सरकारी खातं वगैरे नव्हतं. वकील मंडळी कोर्टात बसून नोंदी घ्यायची आणि स्वतःच्या नावाने पुस्तकं काढायची. आपला घोडा थॉमस लीच नावाच्या बॅरिस्टरच्या संग्रहात आहे. सगळेच रिपोर्टर काही भरवशाचे नव्हते. एस्पिनास नावाच्या एकाबद्दल जुनी कोटी आहे की तो कोर्टात अर्धंच ऐकायचा आणि उरलेलं अर्धं छापायचा!

अशी शेकडो पुस्तकं, दुर्मिळ आणि महाग. म्हणून १९०० पासून ती एकत्र पुन्हा छापायला घेतली. नाव 'इंग्लिश रिपोर्ट्स'. सूचीसकट १७८ खंड, १२२० ते १८६५ पर्यंतचे एक लाखाहून जास्त खटले. फौजदारी संग्रहांसाठी १६८ आणि १६९ हे खंड बघा.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतोय. नव्याने छापलं की पानांचे आकडे बदलणार. मग जुन्या निकालांमध्ये '१ लीच २१२' असे जे हजारो संदर्भ दिलेत, ते सगळे तुटणार, डेड लिंकसारखे. यावर त्यांनी काय केलं? मजकुराच्या मध्येच चौकटी कंसात मूळ पुस्तकाचा पान क्रमांक ठेवला. त्यामुळे पेअरचा खटला '१ लीच २१२' म्हणून पण सापडतो आणि '१६८ ई.आर. २०८' म्हणून पण. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी, ती पण कागदावर! आमच्या टीमने गेल्याच महिन्यात एपीआय बदलताना एवढी काळजी घेतली नव्हती.

हे खंड स्कॅन करून 'कॉमनएलआयआय' या साइटवर फुकट ठेवलेत.

बरं, कॅमेरा. पेअरचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही हं. मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा केला, त्यात विश्वासघात आणि फसवणूक हे गुन्हे चोरीपासून वेगळे ठेवले. आज भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३, विश्वासघात ३१६ आणि फसवणूक ३१८. पण फसवणुकीत कोर्ट आजही तेच विचारतं, जे पेअरच्या ज्युरीने ठरवलं होतं: हेतू पहिल्यापासून वाईट होता का?

चौकीत मी नुसतं "परत देत नाही" एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्जात 'चोरी' हा शब्दच टाकला नाही. खोटं आधार पहिल्याच दिवशी दिलं, हे पहिल्या ओळीत लिहिलं, चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट जोडले. या वेळी तक्रार घेतली. कॅमेरा अजून आलेला नाही, आला की एपिसोड करतो.