फळी वाकते कुठे?

वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. लाकडी छताच्या फासळ्या तिथे दगडातच कोरल्या आहेत. त्या वाकायचा प्रश्नच नाही. खरे लाकूड मात्र वाकते, आणि ते किती वाकणार हे बरेचसे ओंडका चिरतानाच ठरते.

ओल्या लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. पण गाभ्याकडून सालीकडे ते जेवढे आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट वलयांच्या दिशेने आकसते. सगळी खोड इथेच आहे. फळीच्या टोकाला वलयांच्या आडव्या कमानी दिसल्या, तर सुकल्यावर तिची सालीकडची बाजू खोलगट होणार. वलये उभी असतील तर फळी सपाट राहते. अशा फळ्या काढताना लाकूड जास्त वाया जाते, म्हणून त्या महाग पडतात.

ओंडक्यात ताणही असतो. एकाच बाजूने फळ्या काढत गेले की उरलेला भाग वाकतो. म्हणून एक-दोन फळ्या निघाल्या की ओंडका फिरवून समोरची बाजू घ्यावी. मधला गाभा फळीत येऊ देऊ नये. तडा तिथूनच जातो.

चिरल्यावर टोकांना लगेच जाड रंग किंवा मेण लावावे, कारण ओलावा टोकांतून फार झपाट्याने निघतो. मग सावलीत थप्पी लावावी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. एक पट्टी सरकली तरी तेवढ्यात फळी झोल खाते. सर्वांत वर वजन ठेवावे. संभाजीनगरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा थप्पीला ऊन आणि गरम वारा थेट लागू देऊ नये. वरची पाठ आधी सुकली तर भेगा पडतात. सागवान इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी आकसते, म्हणून थोडी चूक पोटात घालते. बाभळीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सुकी फळीही चिरताना ताण सोडते. करवतीमागची फट मिटू लागली तर थांबून पाचर घालावी. नाहीतर पाते अडकते आणि यंत्रावर फळी उसळून अंगावर येते. मापापेक्षा दोन-तीन मिलीमीटर जास्त ठेवून चिरावे, काही दिवस थांबावे आणि मगच दोन्ही बाजूंनी सारखा रंधा मारावा.

एवढे करूनही उन्हाळ्यात घडवलेले दार पावसाळ्यात फुगतेच. चौकटीत तेवढी जागा आधीच सोडा.