मुळाक्षरांच्या आधी

"बाई, आमच्याला लिहायला कधी घेणार?" जून उजाडला की बालवाडीच्या दारात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या आईची काळजी खरी असते, पण लिहिणं म्हणजे वहीत 'अ' गिरवणं, ही समजूत मुलांना फार महागात पडते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून खडे, बिया, शंख-शिंपले, पानं हाताशी घेतली. वेचणं, लावणं, निवडणं यांतून बोटं तयार होत होती, आणि गाण्या-गोष्टींतून कान. वाचन-लेखनाची ही पूर्वतयारी आपण आजही खेळ म्हणून बाजूला सारतो, हे मला फार खटकतं.

कान तयार होणं म्हणजे काय? 'पान' आणि 'पाय' यांची सुरुवात सारखी आहे, हे मुलाला ऐकून कळणं. ते कळलं नाही तर 'प' हे अक्षर नुसतं चित्र राहतं. त्यात देवनागरीची स्वतःची अडचण आहे. 'कि' म्हणताना आधी क् ऐकू येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी डावीकडे बसते. चिमुकल्या वाचकाला ही उलटापालट समजायला वेळ लागतो. शिवाय 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं पाठ होईपर्यंत त्याला अर्थाचा एक शब्दही वाचायला मिळत नाही. 'ण'ने सुरू होणारा रोजच्या बोलण्यातला शब्द सापडत नाही, म्हणून बिचारा 'ण' बाणाच्या शेवटी जाऊन बसतो!

फलटणला भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी ही चाकोरी सोडली. मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं, लगेच शब्द वाचायचे, लिहायचे. नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेचं पालघर जिल्ह्यातलं कामही याच दिशेचं. क, म, र, घ आणि काना एवढ्यावर काका, मामा, मका, घर हे शब्द वाचता येतात. पण हे सगळं मूल अक्षरांकडे वळल्यावर. त्याआधी गप्पा, गोष्टी, रेघोट्या हव्यातच.

रेघोट्यांकडे जरा जवळून पाहा. पाच वर्षांची मुलगी ढगाचं चित्र काढते, खाली 'पस' लिहिते आणि ठासून वाचते, "पाऊस!" मोठ्यांना चूक दिसते. खरं तर तिने शब्दातले दोन ध्वनी कानाने पकडून योग्य अक्षरांत बसवले आहेत. स्वर तेवढे निसटलेत, आणि ते पुढे येतात. अशा वेळी लाल पेन चालवणाऱ्या शाळेत मूल लिहायचंच टाळू लागतं.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या 'निपुण भारत' अभियानाने पायाभूत वाचन-लेखनासाठी तिसरीपर्यंतचा अवधी धरला आहे. मग लहान गटातल्या पोराला पानभर गृहपाठ कशाला?

पालकांनो, बालवाडीकडे भरलेल्या वह्या मागू नका. तिथे रोज गोष्ट वाचून दाखवतात का, मुलांच्या हाताला पुस्तकं लागतात का, त्यांना घरच्या बोलीत बोलू देतात का, एवढं विचारा. आणि घरी रात्री दहा मिनिटं मुलाला शेजारी बसवून, ओळीखाली बोट फिरवत एक गोष्ट वाचा.