सिंकखाली फिल्टर, पण आधी पाण्याची परीक्षा

छत्रपती संभाजीनगर : शहराची तहान पैठणजवळील जायकवाडी धरणावर भागते. गोदावरीचे हे पाणी फारोळा येथील केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. मात्र वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत राहिल्याने उरलेली गरज बोअर आणि टँकरवर भागविली गेली. परिणामी अनेक घरांच्या टाकीत दोन भिन्न गुणधर्मांचे पाणी एकत्र येते. सिंकखाली फिल्टर बसविताना नेमकी हीच बाब दुर्लक्षिली जाते.

पाणी कसे तपासावे?

धरणाच्या पाण्यात क्षार तुलनेने कमी असतात. तेथे चिंता गाळाची आणि जिवाणूंची. त्यातील क्लोरीनही साठवणुकीत दिवसागणिक घटते. बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी मात्र बहुधा जड असते. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालते. टीडीएस मीटर हे प्रमाण तत्काळ दाखवितो. पण जिवाणू किंवा नायट्रेट त्यावर कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. नळाचे आणि बोअरचे पाणी स्वतंत्रपणे तपासावे.

निवड कशी करावी?

टीडीएस ५०० च्या आत असल्यास गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही दिवा साधारणपणे पुरेसा ठरतो. गढूळ पाण्यात यूव्ही किरण पोहोचत नाहीत, म्हणून गाळ आधी काढावा लागतो. क्षार अधिक असल्यास किंवा तपासणीत नायट्रेट जास्त आढळल्यास आरओ घ्यावा. मात्र घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. टँकर विकत घेणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब परवडणारा नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते.

बसविताना काय पाहावे?

फिल्टरच्या जोडणीवर स्वतंत्र कॉक असावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी घराचे पाणी बंद करावे लागत नाही. टाकी कमी उंचीवर असल्यास दाब अपुरा पडतो. तेव्हा बूस्टर पंप आवश्यक ठरतो. विजेचा सॉकेट ओलाव्यापासून दूर हवा. आरओचे सांडपाणी गटारात न सोडता बादलीत घेऊन फरशी पुसण्यास वापरावे. कार्ट्रिज बदलल्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवावी.

गच्चीवरची टाकी अस्वच्छ असेल, तर महागडा फिल्टरही लवकर तुंबतो. त्यामुळे खर्चाची सुरुवात टाकी धुण्यापासून व्हावी.